पानिपतकर

सातारा,
२० जानेवारी

प्रिय मित्रा,

शाळेत तू मला 'पानिपतकर' म्हणायचास. चूक माझीच. येईल त्याला भिंतीवरची गंजकी तलवार दाखवून आमचे मूळपुरुष पानिपतावर पडले म्हणून सांगायचो. आजीची गोष्ट तुलाही पाठ असेल: एकुलतं पोर पोटात असताना ते उत्तरेत गेले, परत आली ती नुसती तलवार. म्हणून आमच्याकडे संक्रांतीला गुळाची पोळी नाही. तू डब्यातून आणायचास, ती मी जिन्याखाली लपून खायचो. ती तलवार आणली कुणी, हे मात्र आपल्याला कधी सुचलं नाही.

तर, आबांचं वर्षश्राद्ध झाल्यावर आईला घेऊन नाशिकला गेलो. रामकुंडावर उपाध्यायांनी मूळ गाव आणि आडनाव विचारलं आणि लाल फडक्यात बांधलेली लांबट वही काढली. सगळं मोडीत, मला एक ओळ लागेना. ते बोट फिरवत मागे मागे गेले आणि एका पानावर थांबले. शके १६९०. नाव तेच. बापाचं, आजाचंही तेच. सोबत मातोश्री, कुटुंब, तीन मुलगे. खाली सही, खुद्दांची.

शकात ७८ मिळवले. १७६८! पानिपत १७६१ चं. म्हणजे 'पडल्या'नंतर सात वर्षांनी हा गृहस्थ आईला घेऊन गंगेवर आंघोळीला आला होता.

आई आधी म्हणाली, "असेल कुणी चुलता." मग बराच वेळ गप्प. मग, "पन्नास वर्षं मी पोळी केली नाही, ती कशासाठी रे?" मी आगीत तेल ओतलं: लढाई १४ जानेवारीची खरी, पण संक्रांत सत्तरेक वर्षांनी एक दिवस पुढे सरकते, त्या साली ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. परतीच्या एसटीत ती माझ्याशी बोलली नाही.

खरं सांगू, मला हा परत आलेला माणूसच जास्त आवडायला लागलाय. महादजी शिंदे पायाने अधू होऊन परतले, नाना फडणवीस जीव वाचवून आले. आमच्याच माणसाला घरच्यांनी मारून टाकलं. भाऊबंदकीत वतनाचा वाद निघाला असेल आणि रणात पडलेल्याचे वारस म्हणवणं सोयीचं ठरलं असेल, असा आपला माझा संशय. पुरावा काही नाही. डोळ्यांपुढे येते ती त्याची वाट. ऐन थंडी, पोटात काही नाही. सुरजमल जाटाने परतणाऱ्यांना अन्नवस्त्र दिलं, त्या पंगतीत हा बसला असेल का? बाकी काय काय विकलं असेल कोण जाणे, तलवार नाही विकली.

यंदा संक्रांतीला सकाळी स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. पहिल्या दोन पोळ्या फुटून गूळ तव्यावर आला होता. तिसरी जमली. आईने ती तुपासकट ताटलीत घातली आणि म्हणाली, "आधी त्या तलवारीला दाखवून ये."

तुझा,
पानिपतकर