मोरपंखी पैठणी आणि आमचा नवा मॉनिटर : काकांना आभाराचं पत्र

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "आधी चहा टाक" म्हणून विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

जाऊबाई येवल्याहून पैठण्यांचे फोटो पाठवतात, ते मी घरच्या कॉम्प्युटरवर नीट करून गिऱ्हाइकांना पाठवते. नवा मॉनिटर आला आणि रंगांचा पार विचका झाला. मोरपंखी साडी शेवाळी दिसायची, पांढरा कागद पिवळट, आणि काळी चंद्रकळा राख फासल्यासारखी. दुकानदाराने "पॅनलच तसं असतं" म्हणून हात झटकले.

तुम्ही उभी हयात छापखान्यात काढलेली. आलात ते सरळ मॉनिटरचा मेनू उघडून फॅक्टरी रीसेट मारलात, 'व्हिव्हिड' मोड आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद केलात, स्क्रीन पिवळी करणारी विंडोजची नाइट लाइटही घालवलीत. मग तोच फोटो पेंटमध्ये उघडलात. तिथे मोरपंखी बऱ्यापैकी मोरपंखी! "म्हणजे पॅनल निर्दोष. फोटोचं ॲप मॉनिटरचं प्रोफाइल, म्हणजे त्याच्या रंगांची माहिती देणारी फाइल, वाचतं; पेंट वाचत नाही. प्रोफाइलच सडकं आहे," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा खरं सांगते, मला शेरलॉक होम्स घरी आल्यासारखं वाटलं. विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये खरंच मॉनिटरसोबत आलेलं एक आयसीसी प्रोफाइल आपोआप बसलं होतं. ते काढून एसआरजीबी हे नेहमीचं प्रमाण प्रोफाइल डिफॉल्ट केलंत आणि फोटोचं ॲप बंद करून उघडल्यावर पिवळेपणा गेला.

चंद्रकळा मात्र राखाडीच. त्याचं मूळ एचडीएमआय केबलवरून जाणाऱ्या सिग्नलमध्ये निघालं. ग्राफिक्स कार्ड मॉनिटरला टीव्ही समजून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६ ते २३५ एवढ्याच पातळ्या पाठवत होतं आणि मॉनिटर ० ते २५५ धरून बसला होता. त्यामुळे काळा रंग पूर्ण काळा होतच नव्हता. आउटपुट रेंज 'लिमिटेड'वरून 'फुल' केल्याबरोबर पदराची जर उठून दिसली. जाऊबाईंना मी व्हिडिओ कॉलवरच दाखवलं.

एवढ्यावर कोणीही थांबलं असतं. तुम्ही ओळखीतून कोलोरिमीटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजायचं यंत्र, मागून आणलात. मॉनिटर अर्धा तास तापू दिलात, खिडकीचा पडदा ओढलात, आणि ते उंदरासारखं यंत्र स्क्रीनवर लटकवून डिस्प्लेकॅल हे रंग जुळवायचं सॉफ्टवेअर लावलंत. पांढरा ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटांची उजळी) २.२, उजेड चौरस मीटरला १२० कँडेला. लाल, हिरवे, निळे, करडे चौकोन एकामागून एक येत राहिले आणि तुम्ही आमच्या चिरंजीवांना सांगत बसलात की डोळा पाच मिनिटांत कुठल्याही पांढऱ्याला सरावतो, म्हणून यंत्र लागतं.

आणखी एक गोष्ट तुम्ही स्पष्ट सांगितलीत, तिचे आभार वेगळे. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर काय दिसेल ते आपल्या हातात नाही. त्यात मोरपंखीचा ताणा (उभा धागा) एका रंगाचा, बाणा (आडवा धागा) दुसऱ्या, साडी हलली की छटा बदलते. एका फोटोत ती मावायची नाहीच. आता मी प्रत्येक साडीचे दिवसाच्या उजेडात दोन बाजूंनी काढलेले फोटो मागवते आणि खाली ताण्या-बाण्याचे रंग लिहिते. 'फोटोत वेगळी दिसत होती' ही तक्रार त्यामुळे बरीच कमी झाली आहे.

मीटर डब्यात घालून ठेवला आहे, चिरंजीव संध्याकाळी आणून देतील. जाऊबाईंचा लॅपटॉप हल्ली निळसर मारतो म्हणतात. त्यांना आधी प्रोफाइल बघायला सांगितलंय. नाहीच जमलं तर तुम्हाला पुन्हा त्रास देणार आहे.

आपली,
खालच्या मजल्यावरची सूनबाई