आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: माझी साक्षीदार दाराबाहेर बसली आहे

माननीय आरोग्यमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी तीन बैठकांत लिहिले. दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीच्या मध्ये एक फिट येऊन गेली आणि पुढचा दीड दिवस मला साधे शब्द सापडत नव्हते. 'चष्मा' म्हणायला जावे तर 'चावी' तोंडी यायचे. मजकुरात कुठे धागा सुटलेला दिसला तर तेवढे सांभाळून घ्यावे.

माझे वय ३१. पहिली फिट २२व्या वर्षी आली. तेव्हापासून पाच ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेची नोंद, झाले, दोन एमआरआय झाले, चार वेगवेगळी औषधे झाली. रक्ताच्या तपासण्या मोजणे मी सोडून दिले आहे. सगळे रिपोर्ट नॉर्मल. फिट्स महिन्याला दोन-तीन, वाईट महिन्यात पाच. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, आईला आत बोलावले आणि म्हणाले, "हिच्या डोक्यात काही नाही." आई म्हणाली, "ते आम्हाला लहानपणापासून माहीत आहे." सगळे हसले, मीही हसले, आणि त्या हसण्यावरच ती भेट संपली. केसपेपरवर ओळ उतरली: 'कारण अज्ञात, तीच औषधे चालू ठेवणे.'

'कारण अज्ञात' या शब्दांवर माझा आक्षेप नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, आहे आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या आजाराचे कारण कळलेले नाही. जे विज्ञानालाच ठाऊक नाही ते मंत्र्यांकडे काय मागायचे? माझे भांडण त्या ओळीच्या दुसऱ्या अर्ध्याशी आहे. कारण शोधूनही सापडले नाही आणि कारण कुणी शोधलेच नाही, या दोन्हींसाठी आपल्या दवाखान्यांत एकच शिक्का वापरला जातो.

या आजाराची एक विचित्र गोष्ट सांगते. माझी फिट मी आजवर पाहिलेली नाही. आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे होते, जळक्या वायरसारखा वास येतो, आणि मग एकदम जमीन, तोंडात रक्ताची चव, वाकून पाहणारी माणसे. मधला भाग माझ्याकडे नसतो, तो आईकडे असतो. तिने पहिल्या वर्षापासून वही ठेवली आहे. तारीख, वेळ, किती मिनिटे, झोपेत की जागेपणी, आधी काय हलले, शुद्धीवर यायला किती वेळ लागला. तिच्या वहीत पानोपानी एक वाक्य आहे: 'मान डावीकडे वळली, मग डावा हात ताठ.'

आणि तपासणीच्या खोलीबाहेर पाटी असते: 'रुग्णाने एकट्याने आत यावे.' शेजारी दुसरी पाटी: 'मोबाइल बंद ठेवावा.' म्हणजे जिने पाहिले ती बाहेर, तिने काढलेला व्हिडिओ बंद मोबाइलमध्ये, आणि जी त्या वेळी शुद्धीवरच नव्हती तिला डॉक्टर विचारतात, "नेमके काय होते?" मी काय सांगणार? मी म्हणते, "आई सांगते की..." आणि तोवर पुढच्या नंबरचा पुकारा होतो.

ती वही आठव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी वाचली. एक तरुण निवासी डॉक्टर होता, त्या दिवशी गर्दी कमी होती. त्याने दहा पाने वाचली आणि विचारले, "हे आधी कुणी पाहिले नाही?" मग त्याने समजावले की झटका शरीराच्या डाव्या बाजूने सुरू होत असेल तर शोध बहुधा मेंदूच्या उजव्या बाजूला घ्यावा लागतो. आठ वर्षांत आम्हाला मिळालेला हा पहिला धागा, आणि तो कोणत्याही यंत्रातून आलेला नव्हता. त्याने त्याच दिवशी ईसीजीही काढायला लावला, कारण हृदयाचे ठोके बिघडून माणूस कोसळतो तेव्हाही अंग झटके देते आणि ते फिटसारखेच दिसते. ईसीजीला पाच मिनिटे लागली. तो व्यवस्थित आला. पण पहिल्या आठवड्यात व्हायची गोष्ट आठव्या वर्षी झाली. पुढच्या भेटीपर्यंत त्या डॉक्टरची बदली झाली होती.

आता 'नॉर्मल' या शब्दाबद्दल. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा कागदावर उतरवली. त्याला शंभर वर्षे होऊन गेली. माझा ईईजी अर्ध्या तासाचा असतो, भर दुपारी, रात्रभर नीट झोप झाल्यावर. माझ्या बहुतेक फिट्स पहाटे झोपेत येतात. तीस दिवसांच्या महिन्यात १४४० अर्धे तास असतात, त्यातला एक, तोही चुकीच्या वेळेचा, निवडून 'काही सापडले नाही' असे लिहिले जाते. चोरी पहाटे होते आणि शिपाई दुपारी येऊन अर्धा तास ओट्यावर बसतो, तसला हा पंचनामा. अपस्मार असलेल्या कितीतरी जणांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो, हे प्रत्येक न्यूरोलॉजिस्टला ठाऊक आहे. पुन्हा करावा, झोपेतला करावा, जागरण करून करावा, हेही ठाऊक आहे. माझे पाचही दुपारचे आहेत.

एमआरआयची तीच तऱ्हा. मेंदूच्या वरच्या थरात जन्मापासून राहिलेली एखादी बारीक चूक जाड कापांच्या साध्या एमआरआयमध्ये सहज निसटते. अपस्मारासाठी वेगळी पद्धत आहे: एक मिलिमीटरचे काप, आणि काय शोधायचे हे माहीत असलेला वाचणारा. माझ्या दोन्ही वेळच्या चिठ्ठीवर फक्त 'फिट' एवढेच लिहिले होते. डावा हात, वळणारी मान, पोटातून चढणारी लाट, यातले काहीच फिल्म वाचणाऱ्यापर्यंत पोचले नाही.

चौथे औषधही चालेना तेव्हा एका डॉक्टरांनी हळूच 'मानसिक असेल' म्हटले. आईला राग आला, मला नाही आला. मेंदूतल्या विजेच्या गोंधळाशिवायही हुबेहूब फिटसारखे झटके येऊ शकतात. ते सोंग नसते, तो खरा आजार असतो, आणि औषधांना दाद देत नाहीत म्हणून मोठ्या केंद्रांत पाठवलेल्यांपैकी साधारण चार-पाचांत एकाला तोच निघतो. त्यावर अपस्माराच्या गोळ्या चालत नाहीत, मानसोपचाराने फरक पडू शकतो. मला तो असेल तर असू दे. पण मग नऊ वर्षे गोळ्यांची गुंगी मी कशासाठी सोसली? आणि नसेल, तर हा शेरा आता माझ्या केसपेपरवरून कोण पुसणार? दोन्हींतले खरे कोणते हे खात्रीने सांगणारी तपासणी म्हणजे व्हिडिओ ईईजी. काही दिवस दाखल करून घेतात, डोक्याला तारा, समोर कॅमेरा, आणि फिट येईपर्यंत थांबायचे. माझे नाव त्या यादीत आहे, चौदा महिने झाले. एकदा तारीख मिळाली होती. आदल्या संध्याकाळी फोन आला की तंत्रज्ञ रजेवर आहेत.

डॉक्टरांवर माझा राग आहे असे समजू नका. बाहेर रांग लागलेली असताना पाच मिनिटांत याहून वेगळे काय होणार? म्हणूनच हे पत्र त्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

२००० साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी ४७० नव्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्याच औषधाने ४७ टक्के लोकांच्या फिट्स थांबल्या. दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांच्या. तिसरे औषध किंवा दोन औषधे एकत्र देऊन सुटलेले होते फक्त ४ टक्के. त्यानंतर बरीच नवी औषधे आली, पण पहिली दोन औषधे हरल्यावर नशीब आजमावत राहू नये हा धडा तोच आहे. १९०९ साली स्थापन झालेल्या अपस्मारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये तो व्याख्येतच बसवला: योग्य निवडलेली दोन औषधे नीट देऊनही फिट्स थांबत नसतील तर अपस्मार औषधांना न जुमानणारा समजावा. म्हणजे तिथून पुढे मोठ्या केंद्रात पाठवायचे. शस्त्रक्रियेचा विचार व्हावा, आहारोपचाराचा व्हावा, जनुकांची, चयापचयाची, शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूवर उलटली आहे का याची तपासणी व्हावी. टेम्पोरल लोब, म्हणजे कानशिलाआडचा मेंदूचा भाग, तिथून फिट येणाऱ्या ८० जणांवरची चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली. वर्षाअखेरीस शुद्ध हरपणाऱ्या फिट्सपासून मुक्त असलेले शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के होते, नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के. माझ्यावर शस्त्रक्रिया होईलच असे मी म्हणत नाही, मी त्यात बसत नसेनही. पण बसते की नाही, हे अजून कुणी पाहिलेलेही नाही.

माझे दुसरे औषध तिसऱ्या वर्षी हरले. ती तारीख आईच्या वहीत आहे, केसपेपरवर नाही. मला आपल्याकडून मुख्यतः एकच हवे आहे: ती तारीख केसपेपरवर लाल शाईने लिहिणे सक्तीचे करा. दुसरे औषध हरले की त्या दिवसापासून मुदत सुरू, आणि मुदतीच्या आत रुग्ण अशा केंद्रात पोचला पाहिजे जिथे व्हिडिओ ईईजी आहे, अपस्मारासाठीचा एमआरआय आहे आणि तो वाचणारी माणसे आहेत. मुदत किती असावी हे तज्ज्ञांनी ठरवावे. सहा वर्षे नसावी एवढे मी सांगू शकते.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अपस्मार आणि इतर मज्जाविकारांसाठी २०३१ पर्यंतचा कृती आराखडा मंजूर केला. त्यातले अपस्माराचे लक्ष्य ९०-८०-७० असे आहे: ९० टक्के रुग्णांना आपला आजार उपचाराने आटोक्यात येणारा आहे हे माहीत असावे, ८० टक्क्यांना परवडणारी योग्य औषधे मिळावीत, आणि उपचार घेणाऱ्यांतल्या ७० टक्क्यांच्या फिट्स पुरेशा आटोक्यात असाव्यात. चांगला आराखडा आहे. औषधाची पहिली गोळीही न मिळालेले लोक जगात फार आहेत, त्यांचा हक्क आधी. पण मी त्या सत्तरात नाही. मी उरलेल्या तिसांतली आहे. लक्ष्य गाठल्याच्या टाळ्या वाजतील त्या दिवशीही मी पहाटे जमिनीवर असेन. या तिसांना निदान मोजा तरी. दुसऱ्या औषधापुढे गेलेले किती जण आहेत, व्हिडिओ ईईजीच्या किती खाटा खरोखर चालू आहेत, त्यासाठी किती दिवस थांबावे लागते, हे तीन आकडे मंत्रालयाने दर वर्षी जाहीर करावेत.

दोन गोष्टी अशाच जाता जाता. गोळ्यांचा साठा मध्येच संपतो तेव्हा "चार दिवसांनी या" असे सांगू नये. या गोळ्या एकदम थांबल्या तर फिट न थांबता चालू राहू शकते, आणि पाच मिनिटांपुढे गेलेली फिट ही जिवावरची वेळ असते. आणि मला तीन वर्षे व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचे औषध दिले गेले, तेव्हा पंचविशीत होते मी. गरोदरपणात ते चालू असेल तर शंभरांतल्या सुमारे दहा बाळांना जन्मजात व्यंग येते आणि तीस ते चाळीस मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. हे मला कुणी सांगितले नाही. मी गोळ्यांच्या खोक्यातला बारीक कागद वाचला.

पुढची ओळ आईने वाचू नये असे वाटत होते, पण पत्र खुले आहे, तिला दिसणारच. अपस्मार असलेल्या प्रौढांपैकी दर वर्षी साधारण हजारात एकाचा अचानक, बहुधा झोपेत, मृत्यू होतो. सगळे अंग झटके देणाऱ्या फिट्स आटोक्यात नसतील तर धोका वाढतो. नऊ वर्षांत कोणत्याही टेबलासमोर हा विषय निघाला नाही. आईला मात्र कुणी न सांगता कळले असावे. ती पहिल्या वर्षापासून माझ्या खोलीत झोपते, दारापाशी, दिवा लावून.

व्हिडिओ ईईजीची तारीख पुन्हा मिळाली की मी येईन. वही आणीन, मोबाइलमधले सतरा व्हिडिओ आणीन, आणि आईला आणीन. तिला आत येऊ द्या.

आपली,
नऊ वर्षे 'कारण अज्ञात' असलेली एक रुग्ण