गोळीचे वजन आणि नेमाची अचूकता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नेमबाजीच्या साधनांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. मराठीत या विषयावर इतक्या आस्थेने क्वचितच लिहिले जाते, म्हणून लेखकाचे आभार. मात्र गोळी जड असेल तितका नेम अधिक अचूक लागतो, असे जे विधान त्यात सहज येऊन गेले आहे ते चुकीचे आहे. पुण्यात रायफल नेमबाजी शिकणाऱ्या माझ्या पुतणीच्या आईवडिलांनी ते वाचून मुलीसाठी जड गोळ्या कुठे मिळतील अशी विचारणा मला फोनवर केली, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

मी मूळचा सांगलीचा. गेली बावीस वर्षे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, फोर्ट कॉलिन्सजवळ राहतो. इथे परवाना काढून हरणाची शिकार करता येते, आणि झाडलेल्या काडतुसाच्या पुंगळीत नवा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), मोजून घेतलेली बंदुकीची दारू आणि पसंतीची गोळी बसवून घरीच काडतूस भरणे हा इथला जुना आणि कायदेशीर छंद आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई आहे आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा पुढील मजकूर तिथे कोणी करून पाहावा म्हणून लिहिलेला नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

माझी रायफल .२४३ विंचेस्टर, म्हणजे ०.२४३ इंच व्यासाच्या गोळीची. शिकारी रायफलींमध्ये ही लहानच. या व्यासात ५५ पासून १०५ ग्रेनपर्यंतच्या गोळ्या बाजारात मिळतात. आपल्या सराफांच्या जुन्या तोळ्यात १८० ग्रेन आणि ९६ गुंजा भरत. त्या हिशेबाने १०० ग्रेनची गोळी साधारण ५३ गुंजांची, अर्ध्या तोळ्याहून थोडी अधिक. इतक्या लहान वस्तूच्या वजनातील फरकाने नेम सुधारतो की बिघडतो, याचे उत्तर एकट्या गोळीत नसून गोळी आणि नळी यांच्या जोडीत आहे.

रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचे असतात आणि त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. लांबट गोळीवर हवेचा दाब तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे पडतो, त्यामुळे हवा तिला सतत उलथवू पाहते. भोवरा जसा फिरण्यामुळे उभा राहतो, तशी गोळी फिरण्यामुळे नाक पुढे ठेवून जाते. गोळी व्यासाच्या मानाने जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा. वुलिच येथील गणिताचे प्राध्यापक आल्फ्रेड ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी जो सोपा नियम मांडला, त्यात शिशाच्या गोळीसाठी फक्त लांबी आणि व्यास हे दोनच आकडे लागतात, वजन लागतच नाही. एकाच व्यासात शिशाची गोळी जड करायची तर ती लांब करावी लागते, आणि लांबीचा हा परिणाम आपण वजनाच्या नावावर लिहितो. सगळा गैरसमज इथूनच सुरू होतो.

तांब्याची गोळी घेतली की हा गैरसमज उघडा पडतो. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते. शिशामुळे कॉन्डर गिधाडांना विषबाधा होते म्हणून कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसेविरहित गोळ्या सक्तीच्या झाल्या आहेत. अशा वेळी जुन्या सवयीने पूर्वीच्याच वजनाची तांब्याची गोळी भरली, तर जुन्या नळीचा पीळ तिला अपुरा पडू शकतो.

पीळ ओळखण्यात चूक झाली तर काय होते, याचे ठळक उदाहरण १९५५ चे आहे. त्या वर्षी विंचेस्टर या कंपनीने .२४३ आणि तिच्या प्रतिस्पर्धी रेमिंग्टन कंपनीने .२४४ अशी जवळजवळ सारखी काडतुसे बाजारात आणली. गोळीचा व्यास दोन्हींचा एकच होता. विंचेस्टरने आपल्या नळीला दहा इंचांत एक फेरा दिला. रेमिंग्टनने लहान प्राण्यांवरील लांबचा नेम डोळ्यांपुढे ठेवून बारा इंचांत एक फेरा दिला आणि कारखान्यातून ७५ व ९० ग्रेनच्या गोळ्या पुरवल्या. हरणासाठी १०० ग्रेनची गोळी मागणारा शिकारी .२४३ कडे वळला. रेमिंग्टनने पुढे पीळ नऊ इंचांचा केला आणि १९६३ मध्ये तेच काडतूस '६ मिलिमीटर रेमिंग्टन' या नावाने पुन्हा आणले, परंतु गेलेले गिऱ्हाईक परत आले नाही. काडतूस म्हणून .२४४ मध्ये काहीही कमी नव्हते.

याच व्यासात उलट बाजूचा पुरावाही आहे. शंभर-दोनशे यार्डांवर टेबलावरून केवळ अचूकतेसाठी होणाऱ्या स्पर्धांत गेली कित्येक दशके '६ मिलिमीटर पीपीसी' या काडतुसाचे वर्चस्व आहे, आणि तिथले नेमबाज ६५ ते ६८ ग्रेनच्या आखूड, हलक्या गोळ्या साडेतेरा-चौदा इंचांच्या सैल पिळातून झाडतात. गोळी जेमतेम स्थिर राहील इतकेच फिरवणे आणि त्याहून फार जास्त न फिरवणे हे त्यामागचे तत्त्व आहे, कारण गोळीच्या घडणीत राहिलेला असमतोल जादा फिरण्याने अधिक जाणवतो. जड, लांब गोळीचा खरा फायदा दूरच्या अंतरावर मिळतो. ती वेग कमी गमावते आणि वाऱ्याने कमी सरकते. बहुधा ही गोष्ट मनात ठेवूनच लेखकाने ते वाक्य लिहिले असावे.

हवेचाही यात वाटा आहे. आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंच असल्याने हवा विरळ, आणि विरळ हवा गोळीला कमी उलथवते. म्हणून इथे कशीबशी स्थिर राहणारी गोळी समुद्रकाठच्या कडक थंडीत डगमगू शकते. अमेरिकी सैन्याच्या एम-१६ रायफलीचा पीळ सुरुवातीला चौदा इंचांत एक फेरा होता. अतिथंड, दाट हवेत तो ५५ ग्रेनच्या गोळीला अपुरा ठरला आणि बारा इंचांचा करावा लागला.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. कोलोरॅडोत हरीण आणि प्रॉन्गहॉर्न (हरणासारखा माळावरचा प्राणी) यांच्यासाठी किमान .२४ कॅलिबर, म्हणजे ०.२४ इंच व्यासाची नळी, आणि किमान ७० ग्रेनची गोळी कायद्यानेच लागते. एल्क आणि मूस या मोठ्या हरणांसाठी ती ८५ ग्रेनची. त्या किमान मर्यादेच्या पुढे निवड शिकाऱ्याची. बारा वर्षांपूर्वी मी १०० ग्रेनच्या तीन गोळ्या कागदावर झाडल्या, त्या अर्ध्या इंचात बसल्या, आणि जड गोळीच उत्तम असे ठरवून मी त्या हंगामात माळावर गेलो. प्रॉन्गहॉर्नच्या एका मादीला गोळी खांद्यामागे लागण्याऐवजी बरीच मागे लागली. रक्ताचा माग काढत मी अंधार पडेपर्यंत चाललो, तेव्हा ती सापडली. त्या जनावराची ती वेदना माझ्या आळसाने झाली होती आणि ते मी आजही विसरलेलो नाही.

घरी येऊन तेच काडतूस दहा-दहा गोळ्यांच्या गटांत तपासले. तीन गोळ्यांचा गट, म्हणजे कागदावरील भोकांचा पसारा, योगायोगाने फार लहान येऊ शकतो; त्याच रायफलीचा दहा गोळ्यांचा गट सरासरीने त्याच्या दीडपटीहून मोठा असतो, इतके साधे संख्याशास्त्र मी दुर्लक्षिले होते. माझ्या नळीला ८५ ग्रेनची गोळी सर्वांत मानवली. शेजाऱ्याची रायफल त्याच कंपनीची, त्याच पिळाची. तिला ९५ ग्रेनची मानवते. आणखी एक गोष्ट, जी लेखात यायला हवी होती: गोळी बदलली की दारूचे माप तेच ठेवता येत नाही. जड गोळीमागे तेवढीच दारू भरली तर दाब वाढतो आणि तो धोकादायक होऊ शकतो. म्हणून दर वेळी छापील कोष्टकातील त्या गोळीच्या किमान मापापासून सुरुवात करावी लागते.

पुतणीच्या आईवडिलांना मी कळवले ते असे. ती ज्या प्रकारात शिकते त्याच ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्यात वापरल्या जाणाऱ्या .२२ काडतुसाची गोळी जवळजवळ सर्वांचीच ४० ग्रेनची असते आणि प्रायमरचे मिश्रण पुंगळीच्या काठात असल्याने ते काडतूस पुन्हा भरण्याची सोय नसते. वजन निवडण्याचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. निवड असते ती उत्पादनाच्या लॉटची: एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन लॉट एका नळीतून वेगवेगळे गट देतात, आणि ५० मीटरवर दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. तेव्हा जड गोळ्या शोधण्यात पैसे घालवू नयेत. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली रायफल पक्की बसवून दोन-तीन लॉटच्या निदान दहा-दहा गोळ्या झाडून पाहाव्यात आणि जो लॉट तिच्या नळीला मानवेल, त्याचीच हंगामभर पुरतील इतकी खोकी एकदम घेऊन ठेवावीत. पुरवणीच्या पुढील अंकात ही दुरुस्ती छापावी, अशी नम्र विनंती.

आपला वाचक,
फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो