आंजर्ल्याची पुळण आणि खाडीचे मुख : मोसमापूर्वीच्या कामांसाठी मदतीचे आवाहन

समस्त ग्रामस्थ, मुंबई-पुण्याची चाकरमानी मंडळी, माहेरवाशिणी आणि दरवर्षी न चुकता येणारे आपले पाहुणे यांस सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या दिवसांत निम्मे गाव घरी असते, म्हणून आपली पुळण (वाळूचा किनारा) आणि खाडीचे मुख राखण्याचा हा विषय तेव्हाच्या सभेत घेतला होता. आरतीला अंगणात उभे राहायला जागा नव्हती, सभेला मात्र मोजकी माणसे आली. मनाला लागले, ते एकदा लिहून मोकळे होतो. दिवाळीपूर्वी पैशाची आणि माणसांची जुळणी झाली नाही तर हा मोसम हातचा जाईल, म्हणून हे पत्र.

यंदा घाई करण्यास कारण आहे. जुलै २०२५ मध्ये हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आपल्या पुळणीवरून रोज दिसणाऱ्या किल्ल्याचा हा मान, याचा कोणाला अभिमान वाटणार नाही? हर्णैला येणारी माणसे आता वाढणार, आणि हर्णैकडून खाडीवरचा पूल ओलांडला की माणूस थेट आपल्या दारात. पाहुणे यावेत, कित्येक घरांची चूल त्यांच्यावर चालते. पण ते आपल्याकडे येतात ते मोकळ्या पुळणीसाठी. मोटरबोटी नाहीत, गाड्यांची रांग नाही, एका टोकाला जोग नदी समुद्राला मिळते आणि संध्याकाळी लाटेखेरीज आवाज नसतो. ही शांतता कोणीतरी राखते म्हणून आहे. ती राखणारे हात फार थोडे आहेत आणि तेच ते आहेत.

आजवर ज्यांनी हात दिला त्यांचे ऋण आधी मानले पाहिजे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात सुरूचे बन एका दुपारात आडवे झाले, आगरांतल्या माड-पोफळी मोडून पडल्या, घरांवर कौल राहिले नाही. स्वतःचे छप्पर उघडे असताना वाडीवाडीतून माणसे पुळणीवर आली आणि पडलेले सुरू करवतीने कापून वाट मोकळी केली. खाडीपलीकडच्या पाजपंढरीच्या कोळी बांधवांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. त्यांच्या होड्यांचे आणि जाळ्यांचे नुकसान आपल्याहून मोठे होते, तरी त्यांनी दोर आणि कप्प्या आणून दिल्या आणि ओंडके ओढायला स्वतः उभे राहिले. खाडीच्या दोन काठांचे हे नाते आपण विसरू नये. गिरगावातल्या एका ज्येष्ठ आंजर्लेकरांनी पेन्शनमधून उंडीच्या रोपांचा पहिला खर्च उचलला आणि पुढची दोन वर्षे रोपे किती जगली याची पत्राने चौकशी करत राहिले. पुण्यातल्या माहेरवाशिणींनी भिशीतली एक पाळी मंडळाला दिली. त्यातून पुळणीच्या वाटेवर कचऱ्याचे पिंजरे आले, ते आजही शाबूत आहेत. नावे छापू नका असे या सर्वांनी बजावले आहे, म्हणून छापत नाही. गावाला ती ठाऊक आहेत.

कासवांचे श्रेय वेगळेच आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला तुपळी (ऑलिव्ह रिडले) कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि ते काम किनाऱ्याने आपल्यापर्यंत आले. आज वन विभागाच्या देखरेखीखाली आपल्या गावचे कासवमित्र पहाटे काळोखात पुळण चालून पाऊलखुणा शोधतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, सुमारे दीड फूट खोल, आणि पिल्ले यायला साधारण ४५ ते ६० दिवस. इतके दिवस डोळ्यांत तेल घालून पहारा करणाऱ्या या मुलांना आपण वर्षातून एकदा टाळ्या देतो. यंदा टाळ्यांबरोबर थोडी मदतही द्यावी.

आता कामांविषयी.

पहिले काम खाडीच्या मुखाचे. धोका पुळणीच्या मध्यावर कमी आहे, दक्षिण टोकाला जास्त आहे. नवखा माणूस तिथेच उतरतो, कारण पाणी तिथे सर्वांत संथ दिसते. बाहेर वाळूचा दांडा आहे, लाटा त्यावर फुटून संपतात. परंतु भरतीला खाडीत आत गेलेले सगळे पाणी ओहोटीला त्याच अरुंद तोंडातून बाहेर पडते. ओहोटी लागल्यावर पहिला तास काही जाणवत नाही, तिसऱ्या-चौथ्या तासाला ओढ सर्वांत जास्त, आणि उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीला, त्याहूनही जास्त. पाण्याखाली वाळूची कड उभी तुटलेली असते. गुडघाभर पाण्यातून दोन पावले पुढे गेले की पाय टेकत नाही, आणि कडेवर वजन पडले की कडच ढासळते. दांडा दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीची ओळख यंदा कामाची नाही. वादळात आसऱ्याला खाडीत शिरणाऱ्या हर्णैच्या नौकासुद्धा याच गाळाला अडकतात, तिथे पोहणाऱ्याची काय कथा.

यासाठी तीन फलक हवेत : एक पुळणीच्या मुख्य वाटेवर, एक सुरूबनाच्या टोकाला, एक मुखापाशी. लोखंडी पत्रा खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजतो, म्हणून फायबरचा पत्रा आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट. त्यावर भरतीचा आपला जुना हिशोब मोठ्या अक्षरांत लिहायचा : तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पंधरा-वीस मिनिटे इकडेतिकडे होतात, पण पाण्यात उतरावे की नाही हे ठरवायला एवढे पुरे. मुखाशी मात्र कोणत्याही तिथीला उतरू नये, असे त्याच फलकावर लाल अक्षरांत.

फलकांबरोबर चार जीवरक्षक कडी आणि प्रत्येकीला ३० मीटर दोरी. दोरी पॉलिप्रॉपिलीनची घ्यायची, ती पाण्यावर तरंगते. नायलॉनची बुडते आणि कडे फेकणाऱ्याच्याच पायात येते. उन्हाने ही दोरी वर्षभरात ठिसूळ होते, म्हणून ती दरवर्षी बदलायची, हा खर्च कायमचा धरावा. ओढीत सापडलेल्या माणसाने किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये. अंग सैल सोडून प्रवाहाच्या आडव्या दिशेने सरकावे. काठावरच्याने मागोमाग उडी न टाकता कडे फेकावे आणि ११२ ला फोन करावा. हेही फलकावर येईल.

दुसरे काम गाड्या अडवण्याचे. ओहोटीला ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी घट्ट दिसते आणि हौशी माणूस गाडी खाली घालतो. वरच्या वाळूत मुरलेले पाणी मात्र खाली झिरपतच असते. तो झिरा जिथे बाहेर येतो तिथे वाळू पायाखाली हलते. तिथे चाक थांबले की बसते, जोर दिला की आणखी खोल जाते, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. मग रात्री ट्रॅक्टरसाठी आपलीच दारे वाजतात. याहून मोठे नुकसान घरट्यांचे. चाकाखाली वाळू दाबली जाते, पिल्लांना वर येता येत नाही. वर आलेली चाकोरीत पडतात, कड चढता येत नाही, आणि उजाडल्यावर कावळे-कुत्री टिपून नेतात.

वाटेवर ६० लाकडी खुंट लागतील, प्रत्येकी पाच फुटांचा, अर्धा वाळूत. नुसता पुरलेला खुंट वाळूत टिकत नाही, दोन माणसांनी हलवला की निघतो. म्हणून प्रत्येकाच्या बुडाशी दीड फुटाची आडवी फळी ठोकून मग पुरायचा आणि गाडलेल्या भागाला डांबर लावायचे. दोन खुंटांत चार फूट अंतर. चारचाकी थांबते, माणूस, हातगाडी आणि जाळ्याचा भारा सहज जातो. दुचाकी अडवायला मुख्य वाटेवर खुंटांच्या दोन रांगा एकमेकींआड लावू. होडी वरखाली करायला आणि रुग्णवाहिकेला एका ठिकाणी काढता येणारा अडसर राहील, किल्ली कासवमित्रांकडे आणि रापणवाल्यांकडे (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्यांकडे).

तिसरे काम वाळू धरण्याचे, आणि यात आपण घाई करू नये असे मंडळाचे स्पष्ट मत आहे. वादळानंतर सगळीकडून ‘पुन्हा सुरू लावा’ अशी मागणी आली. सुरू लवकर वाढतो हे खरे, पण त्याची मुळे वरवर पसरतात, म्हणूनच तो उन्मळला. त्याच्या काड्यांचा थर पडला की खाली दुसरे काही रुजत नाही. त्यामुळे समुद्राच्या बाजूला पहिली मर्यादवेल, तिच्यामागे केवडा, मग उंडी आणि करंज, आणि सुरू अगदी मागच्या ओळीत. वेलीचे फूटभर तुकडे घ्यायचे, दोन डोळे वाळूखाली, दोन वर, आणि लावणी पावसातच. उन्हात लावलेले तुकडे आठवड्यात करपतात. उंडीची फळे मात्र आतापासून गोळा करावी लागतील. कवच हलके फोडून पेरले तर बी लवकर रुजते, नाहीतर महिने जातात. पुढच्या आषाढात ३०० रोपे हवी असतील तर पिशव्या या दिवाळीनंतर भरल्या पाहिजेत.

दरम्यान उडणारी वाळू थोपवायला झावळांचे कूड. दुपारचा वारा कोरडी वाळू उचलून थेट आगरांत आणून टाकतो. वीस फुटांचा एक तुकडा, पाच-पाच फुटांवर बांबूचा खुंट, मध्ये झावळ विरळ विणलेली. घट्ट विणली तर वारा खालून वाट काढतो आणि कूड बुडाशी उकरला जातो. विरळ असली तर वाऱ्याचा जोर मोडतो आणि वाळू मागे साचते. असे ४० तुकडे, म्हणजे २०० खुंट, म्हणजे ५० बांबू. दोन तुकड्यांत मोकळी जागा सोडायची आणि सगळे कूड उधाणाच्या रेषेच्या बरेच वर, कासविणीची वाट अडणार नाही असे. झावळा आगरवाल्यांनी द्याव्यात, त्या विकत घेण्याची वेळ गावावर येऊ नये.

चौथा खर्च दोन रखवालदारांचा, नोव्हेंबर ते मे, रोज संध्याकाळी चार तास. गाड्या, शेकोट्या, बाटल्या आणि मुखाशी उतरणारे पाहुणे, एवढेच त्यांचे काम. रात्री पुळणीवर पांढरा दिवा नको, पिल्ले उजेडाकडे वळून उलटी जमिनीकडे येतात.

साफसफाई भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सातपासून. त्या दिवशी तृतीया, म्हणजे साडेआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी आणि उधाणाचे दिवस असल्याने पुळण रुंद उघडी. हे काम हातानेच करायचे. जेसीबी कचऱ्याबरोबर वाळू आणि मर्यादवेलही उचलतो. खाडीतून पावसात वाहून आलेले प्लास्टिक आधी, थर्माकोल वेगळ्या पोत्यात, काच हातमोजे घालून बादलीत. वाळूत पुरलेले जाळे ओढत बसू नये, कोयतीने तुकडे करून काढावे. पोते अर्धेच भरावे, ओल्या वाळूने ते दोघांनाही उचलत नाही.

ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात त्यांनी एवढे आधीच सांगावे : अर्धी ओहोटी झाली की उत्तरेकडून ओल्या वाळूवरून दक्षिणेला चालत जावे, भरती लागण्यापूर्वी टोकावरून परत फिरावे. थंडीत भरतीच्या वेळी त्या टोकावर कुरवांचे थवे बसतात, लांबून आलेले पक्षी असतात, त्यांना फोटोसाठी उठवू नये. खाडीच्या उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालावे, पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) असेल तर सरकते. काटा लागलाच तर पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात धरावा आणि दापोलीला न्यावे.

पैशाचा हिशोब. रखवालदार दोन, सात महिने, दरमहा प्रत्येकी ६,००० : ८४,०००. खुंट ६० : २७,०००. फलक तीन : १८,०००. कडी १०,०००, दोऱ्या ३,०००. बांबू ७,५००, मजुरी ७,५००. रोपे, पिशव्या, माती ९,०००. एकूण १,६६,००० रुपये. शिल्लक ४१,०००, कमी १,२५,०००. सरकारी मदतीसाठी केलेल्या अर्जाचे उत्तर अद्याप नाही, त्याची वाट पाहत थांबता येणार नाही.

रक्कम मंडळाच्या नेहमीच्या खात्यावर (क्रमांक पावतीच्या मागे छापला आहे) किंवा आपापल्या वाडीप्रमुखांकडे नवरात्र संपेपर्यंत द्यावी. मोबाईलवरून पाठवताना नाव व वाडी लिहावी, नाहीतर पावती कोणाच्या नावे फाडायची ते कळत नाही. प्राप्तिकरात सवलत मिळणार नाही. रोख नको असल्यास खुंटाचे लाकूड, बांबू, झावळा, रिकामी पोती, हातमोजे, कोयत्या चालतील, देवळाच्या मागच्या पडवीत आणून द्यावे. जुनी डिझेलची पिंपे आणू नयेत. सफाईच्या दिवशी चहा व उसळ मंडळाकडून, पाण्याची बाटली व टोपी आपली. मुंबईहून येणाऱ्यांनी खेडपर्यंतची रेल्वेची तिकिटे आत्ताच काढावीत, दिवाळीत मिळत नाहीत. मुलांना आणावे, मात्र दहा वर्षांखालील मुलांना मुखाच्या बाजूला नेऊ नये. जमाखर्च जूनच्या सभेत वाचला जाईल, त्या सभेला तरी यावे.

आपला नम्र,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)