गोल किकचा बदललेला नियम आमच्या मैदानांवर कधी येणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तालुक्याच्या शालेय फुटबॉल स्पर्धा नुकत्याच आटोपल्या. त्यातल्या मुलींच्या एका सामन्याबद्दल लिहिते आहे. निकाल बदलून मागायचा नाही. जिल्ह्याच्या फेरीत हेच पुन्हा घडू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

आमच्या संघातल्या बहुतेक मुली सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरच्या. गोलकीपर आठवीतली, अंगाने बारीक. झेप घेण्यात तिचा हात कुणी धरणार नाही, पण लांब किक तिला अजून जमत नाही. त्यात आमचं मैदान काळ्या मातीचं. पाऊस उघडला की नुसती ढेकळं, चेंडू घरंगळतच नाही. म्हणून गोल किक (समोरच्या संघाने गोलच्या रेषेबाहेर घालवलेला चेंडू आपल्या गोलसमोरून परत खेळात आणायची किक) मिळाली की डीमध्येच, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकटीतच, उभ्या असलेल्या बचावपटूला आखूड पास द्यायचा आणि तिने तो कडेने पुढे काढायचा, हे आम्ही पावसाळाभर घोटून घेतलं होतं.

सामन्यात तिने तसाच पास दिला. बचावपटूने चेंडू अडवला आणि शिट्टी वाजली. चेंडू डीबाहेर गेला नाही, किक परत घ्या. पुन्हा तेच, पुन्हा शिट्टी. मुली माझ्याकडे बघू लागल्या. शेवटी पोरीने सगळा जीव लावून चेंडू हाणला. तो फक्कीची रेषा ओलांडून जेमतेम दोन पावलं गेला, तिथेच टपून बसलेल्या समोरच्या मुलीने उचलला आणि गोल केला.

डीबाहेर गेल्याशिवाय चेंडू खेळात येत नाही, हा नियम २०१९ पर्यंत होता. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने, म्हणजे आयएफएबीने, त्या वर्षी तो बदलला. आता किक मारली आणि चेंडू स्पष्टपणे हलला की तो खेळात आला. स्वतःच्या डीमधून घेतलेल्या फ्री किकलाही हेच लागू. प्रतिस्पर्ध्यांनी तोवर डीबाहेर थांबायचं. चेंडू हलल्याक्षणी त्यांनाही आत धावता येतं. म्हणजे यात कुणाला फुकटची सवलत नाही.

या बदलाचा खरा फायदा लहान आणि अशक्त पोरांना आहे, म्हणून मला तो इतका मोलाचा वाटतो. गोल किक गोल एरियातून, म्हणजे डीच्या आतल्या लहान चौकटीतून, घेतात. तिची रेषा गोलपासून साडेपाच मीटरवर, डीची साडेसोळा मीटरवर. जुन्या नियमात चेंडू किमान अकरा मीटर जाईपर्यंत आपल्याच मैत्रिणीला त्याला हात, म्हणजे पाय, लावता येत नसे आणि समोरच्या मुली नेमक्या त्या रेषेवर वाट बघत असत. ज्याच्या पायात जोर, त्याचीच गोल किक.

बाकीचे घोळही आहेतच. २०१६ पासून सेंटरची किक, म्हणजे खेळ सुरू करायची मधल्या ठिपक्यावरची किक, मागेही मारता येते, तरी ‘पुढेच मारा’ म्हणून ओरडा होतो. कॉर्नरला चेंडू कोपऱ्याच्या कमानीबाहेर जायलाच हवा असं नाही, तिथेही तो स्पष्ट हलला की पुरे. मात्र नुसता तळवा टेकवला आणि चेंडू जागचा हलला नाही, तर ती किक धरायची नाही. थ्रो-इनचा चेंडू मैदानात येण्याआधीच बाहेर टप्पा पडला, तर थ्रो त्याच संघाने त्याच जागेवरून परत घ्यायचा. आमच्याकडे तो सर्रास दुसऱ्या संघाला देतात.

पंचांना मी दोष देत नाही. ते बहुतेक माझ्यासारखेच क्रीडाशिक्षक, कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स सगळं सांभाळून उन्हात उभे राहणारे. नियमांतले बदल दरवर्षी १ जुलैपासून लागू होतात आणि नियमावली इंटरनेटवर फुकट आहे, पण इंग्रजीतली ती पुस्तिका वाचायला धडगाव-अक्कलकुव्याकडच्या शिक्षकाला सवड कुठून मिळणार? ती त्याच्यापर्यंत पोहोचवणं आयोजकांचं काम आहे.

आयोजकांना विनंती आहे की जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्या सामन्याआधी अर्धा तास काढावा, पंच आणि संघांचे शिक्षक डीजवळ एकत्र उभे करावेत आणि प्रत्यक्ष चेंडू ठेवून गोल किक, कॉर्नर, थ्रो-इन दाखवावं. सोबत बदललेल्या नियमांचं मराठीतलं एक पान द्यावं. ते लिहून, झेरॉक्स काढून आणायची माझी तयारी आहे.

एक क्रीडाशिक्षिका,
शहादा, जि. नंदुरबार