बाबांच्या बदल्या आणि इथलं तळं

हांगझोऊ, रविवार

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "अकरा बदल्या झाल्या, हाती काय लागलं?" तेवढ्यात फोन कट झाला ते बरंच, मला उत्तर सुचत नव्हतं. आज इथल्या वेस्ट लेक तळ्यावर फिरताना तुमच्याच लाइनीतला एक माणूस आठवला. नऊशे वर्षांपूर्वीचा.

सू शी, कवी आणि सरकारी अधिकारी. लोक त्याला सू दोंगपो म्हणतात. त्याच्या नावाचं डुकराचं मटण इथल्या कितीतरी खानावळींत मिळतं आणि फार सुंदर लागतं. (आई, हे वाक्य तू वाचलेलं नाहीस.)

१०५७ साली, विशीतच, तो तेव्हाच्या राजधानीत, काइफंगला, दरबारी परीक्षा पास झाला. धाकटा भाऊही त्याच वर्षी. वडिलांना ती परीक्षा काही जमली नव्हती. तेच दोघा पोरांना सिच्वानहून राजधानीला घेऊन आले होते. पेपर तपासायची तऱ्हा ऐका. नाव झाकायचं, आणि अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कारकुनांनी सगळा पेपर पुन्हा उतरवून काढायचा. मुख्य परीक्षक ओउयांग श्यू. एक निबंध त्यांना इतका आवडला की हा आपल्याच शिष्याचा असणार असं त्यांना वाटलं. उगाच बोल नको म्हणून त्यांनी त्याला दुसरा नंबर दिला. निघाला सू शीचा!

नोकरी लागायच्या आतच त्याची आई गेली. रिवाजाप्रमाणे २७ महिने गावी शोक पाळायचा; १०६६ मध्ये वडील गेले तेव्हा पुन्हा तेच. परत येतो तो दरबारात वांग आनशी या मंत्र्याच्या सुधारणांचा जोर. याला त्या पटेनात आणि गप्प बसवेना. मग राजधानीबाहेर नेमणूक, एका गावाहून दुसऱ्या गावी. १०७९ मध्ये त्याच्या कवितांतून सरकारची टिंगल शोधून काढली आणि थेट तुरुंगात टाकलं. शंभराहून जास्त दिवस. सुटला तो ह्वांगझोऊला (हे गाव वेगळं, हांगझोऊ नव्हे), नावापुरतं पद. तिथे पडीक उतारावर शेती केली. दोंगपो म्हणजे पूर्वेचा उतार, नाव तिथलंच. १०८३ मध्ये तिथे मुलगा झाला तेव्हा त्याने लिहिलं, की सगळ्यांना मूल हुशार हवं असतं. माझं तर हुशारीनेच वाटोळं झालं, हा आपला मठ्ठ निघो आणि बिनघोर मोठ्या हुद्द्यावर चढो. बाळ वर्षभरातच गेलं.

आता तुमचा विषय. १०८९ मध्ये तो हांगझोऊचा मुख्य अधिकारी होऊन आला. पूर्वी इथेच दुय्यम होता, तेव्हापासून तळं गाळाने आणि वेलींनी बुजत जाऊन निम्मं झालेलं. शहराच्या विहिरी, शेती, कालवा, सगळं या पाण्यावर. त्याने दरबाराला अर्ज केला. पैशांची सोय म्हणून भिक्षू व्हायच्या सनदा मागितल्या; त्या घेतल्या की कर माफ, त्यामुळे विकल्या जायच्या. दोन लाख रोजंदारीचं काम. आणि गाळ टाकायचा कुठे? तुम्हीही आयुष्यभर याच प्रश्नाशी भांडलात. त्याने तळ्यातच दक्षिणोत्तर बांध घातला, पावणेतीन किलोमीटरचा, सहा पुलांचा, वर झाडं लावली. वेली पुन्हा माजू नयेत म्हणून काठचं उथळ पाणी शिंगाड्याला खंडाने दिलं. शिंगाडेवाला आपल्या पिकासाठी तळ साफ ठेवणारच! हे वाचून मी एकटीच हसले, तुमची आठवण आली.

आई, त्याच्या आईची एक गोष्ट. दहा वर्षांच्या सू शीला ती फान पांगची कथा वाचून दाखवत होती. कितीतरी आधीच्या हान राजवटीतला अधिकारी, सत्यापायी मरण पत्करलेला. पोराने विचारलं, मी असा झालो तर चालेल तुला? ती म्हणाली, तू फान पांग होऊ शकतोस, तर मला त्याची आई होता येणार नाही का?

बाबांनी एमबीवर, कामाच्या मोजमापाच्या वहीवर, सही केली नाही आणि गडचिरोलीची ऑर्डर आली, त्या रात्री तू एक शब्द बोलली नाहीस. स्टूल ओढलंस आणि माळ्यावरून खोकी काढायला लागलीस. मी सातवीत होते. मित्रमैत्रिणी सुटणार म्हणून तुम्हा दोघांवर भयंकर चिडले होते.

सू शी पुढे आणखी दक्षिणेला गेला, साठीत हैनान बेटावर. माफी मिळून परतताना ११०१ मध्ये वाटेतच वारला. बांध मात्र आहे. आज त्यावर एक आजोबा नातवाला सायकल शिकवत होते.

बाबा, गुडघ्याचं डॉक्टरांना विचारून घ्या आणि पासपोर्टचं मनावर घ्या. सहा पूल आहेत, मध्ये बसायला बाकं आहेत. आई, बाजारात ओले शिंगाडे आलेत, किलोभर आणलेत. सालं दगडासारखी. उकडून सोलायचे की आधी सोलून उकडायचे, तेवढं कळव.

तुमची,
धाकटी