सिल्व्हर मॉलमध्ये भेटलेल्या दादांना

दादा, तुमचे आभार समोरासमोर मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, मागच्या वेळी तर चहा अर्धा टाकून चप्पल घातलीत, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

मे महिन्यातली दुपार होती, इंदूरला आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये मी एका काउंटरवर आपलं रडगाणं सांगत होते की कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड रेंडर करता करता, म्हणजे थ्रीडी चित्रं तयार करता करता, बंद पडतं, स्क्रीन काळी होते, आणि दुकानवाला एकच सांगत होता, "मैडम, कार्ड ही बदल लो." तुम्ही बाजूला केबल घ्यायला उभे होतात. "कार्ड कौन सा है? रूम का टेंपरेचर कितना रहता है?" असं तुम्ही विचारलंत, मी हिंदीतच उत्तर देत होते आणि मध्येच आजीचा फोन आला, मी मराठीत बोलले, तर तुम्ही हसून म्हणालात, "अहो मग आधी सांगायचं ना, मी पण राजेंद्र नगरचाच." इंदूरला आपल्या मराठी लोकांची ओळख बहुतेक वेळा अशीच होते, फोन वाजल्यावर.

माझं कार्ड आरटीएक्स 3060, 12 जीबीचं, दोन पंख्यांचं. गणपतीच्या देखाव्यासाठी मी इंदूरचा राजवाडा थ्रीडीत करत होते, सातही मजले, खालचे 3 दगडी आणि वरचे 4 लाकडी, आणि लाकडावरच्या कोरीवकामाने एकेका फ्रेमला 6-6 मिनिटं लागत होती. म्हणून एक व्हिडिओ बघून आफ्टरबर्नर नावाच्या, कार्डाचा वेग वाढवायच्या प्रोग्रॅममध्ये कोअरला (मुख्य चिपला) 200 आणि मेमरीला 1200 मेगाहर्ट्झ वाढवून ठेवलं, पॉवर लिमिट, म्हणजे वीज घ्यायची मर्यादा, शेवटपर्यंत. आमची खोली गच्चीखालची, रात्री 10 वाजता पण 36-37 डिग्री असायची. कार्ड 84 वर, हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात तापलेला भाग) 97, पंखे जवळजवळ पूर्ण स्पीडला, आणि त्याच खोलीत आजी झोपते. ती कधी बोलली नाही, पण पहाटे 3 ला बघावं तर ती उशी कानावर धरून जागीच असायची, ते माझ्याच्याने बघवत नव्हतं.

पहिल्या रविवारी तुम्ही आलात आणि सगळं आधी रीसेट केलंत, मला तर वाटलं झालं, आता स्पीड गेला. मग वही मागितलीत. खोलीचं तापमान, कोअर, हॉटस्पॉट, क्लॉक (चिपचा वेग), वॉट, पंख्याचे फेरे, असे रकाने पाडून अर्धा तास काहीही न बदलता फक्त लिहायला लावलंत. खोली 36 असताना कार्ड 79 आणि 170 वॉट, हे आपलं मूळ, आता जे करू ते याच्याशी ताडून बघायचं. खोली 5 डिग्रीने तापली की कार्डही तितकंच वर जाणार, त्यामुळे थंड गावातल्या कुणाचा आकडा बघून आपण घाबरायचं पण नाही आणि खूश पण व्हायचं नाही, हे तेव्हा कळलं.

मग बाजूचं पॅनल काढलंत आणि 5 डिग्री लगेच उतरले. म्हणजे कार्डात दोष नव्हता, कॅबिनेटला श्वास मिळत नव्हता, पुढे सगळी काच आणि वर मी ते टेबलाच्या कप्प्यात कोंबलेलं. ते बाहेर काढलं, पुढे 2 पंखे हवा आत घ्यायला, मागे 1 बाहेर टाकायला. धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर हवेने ते वेड्यासारखं फिरतं आणि बेअरिंग जातं, हे तुम्ही 2 वेळा सांगितलंत. आणि कूलर! मी कूलरचा झोत मुद्दाम पीसीवर लावला होता, तो तुम्ही आधी वळवलात, त्या ओल्या हवेबरोबर खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब आत जातात आणि धूळ चिकटून बसते म्हणून.

पण खरी गंमत दुसऱ्या रविवारची. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेज आणि क्लॉकचा कर्व्ह, म्हणजे आलेख, उघडलात आणि म्हणालात की आता क्लॉक नाही, व्होल्टेज धरायचं. वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे 1.05 व्होल्टचं 0.9 केलं तर चिपची चौथा हिस्सा वीज तरी वाचते, आणि क्लॉक तितका पडतच नाही. 900 मिलिव्होल्टवर आपण 15-15 मेगाहर्ट्झने चढत गेलो, 1890 ला बेंचमार्क, म्हणजे कार्डाची चाचणी, पास झाला, मी टाळ्या वाजवल्या, तर तुम्ही म्हणालात थांब, आता राजवाडा लाव. आणि ब्लेंडर, ज्यात मी थ्रीडी करते तो प्रोग्रॅम, 11व्या फ्रेमला पडलं. बेंचमार्क पास म्हणजे आपलं काम पास असं नसतं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. शेवटी 1845 वर थांबलो, तिथे रात्रभर चाललं. मेमरीची वाढ पण आधीच्या 1200 ऐवजी 500 च ठेवली, कारण वर ढकलली की क्रॅश होत नव्हती पण फ्रेमला उलट जास्त वेळ लागत होता, वहीत स्पष्ट दिसत होतं. आता त्याच 36 डिग्रीच्या खोलीत कार्ड 67, वीज 130 वॉटच्या आसपास, आणि फ्रेमचा वेळ मूळ सेटिंगपेक्षा 5 सेकंद कमीच.

पंख्यांना तुम्ही अख्खा तिसरा रविवार दिलात. मला वाटायचं मोठा आवाज त्रास देतो, तुम्ही आजीला विचारलंत आणि ती म्हणाली, "घरघर चालते रे, पण तो वरखाली होतो ना, तेव्हा जाग येते." इतक्या दिवसांत मी तिला हे विचारलंच नव्हतं. मग तुम्ही पंख्यांचा कर्व्ह सपाट केलात, 5 डिग्री उतरल्याशिवाय पंखा मंदावणार नाही असं लावलंत, आणि फेरे 2900 वरून 1500 वर आले. फेरे अर्धे केले की हवा अर्धी होते पण आवाज त्याहून कितीतरी जास्त पडतो, ते त्या रात्री ऐकू आलं.

देखावा वेळेत झाला, तुम्ही बघितलात. कितीही म्हटलं तरी पैसे घेतले नाहीत, फक्त जीरावन मसाला टाकून पोहे खाल्लेत. थंडीत 950 मिलिव्होल्टवर अजून थोडं चढून बघू म्हणाला होतात, तर डिसेंबरातला एखादा रविवार ठेवा, वही आहे माझ्याकडे, तुमचा छोटा स्क्रू ड्रायव्हर पण इथेच राहिलाय. आजी विचारतेय पोहे करू की साबुदाण्याची खिचडी, तेवढं आदल्या दिवशी कळवा, साबुदाणा भिजवायला लागतो.